नऊ वॅटची काटकसर

काटकसर हा सद्गुण खरा. परंतु सद्गुणांच्या पंक्तीत त्याचा पाट नेहमी शेवटी मांडलेला असतो. शौर्याचे पोवाडे होतात, औदार्याच्या आख्यायिका होतात, त्यागावर तर शाळेच्या पुस्तकांत धडेच्या धडे लागतात. काटकसरीवर पोवाडा रचलेला आमच्या ऐकिवात नाही. तिच्या वाट्यास यावयाचे ते एवढेच, की मुलांनी थट्टा करावी, सुनांनी एकमेकींकडे पाहावे, आणि पाहुण्याने घरी गेल्यावर "माणसे चांगली आहेत, पण जरा हात आखडता आहे," असा शेरा मारावा. गंमत अशी की, असा शेरा मारणारा पाहुणाही निजण्यापूर्वी आपल्या घरातल्या प्रत्येक खोलीत डोकावून, दिवा कोठे राहिला तर नाही ना, हे पाहिल्यावाचून अंथरुणास पाठ लावीत नाही.

दिव्याची काटकसर ही सर्व काटकसरींत जुनी असावी, असे आम्हांस वाटते. धान्य कमी खावे तर पोट ओरडते, कापड कमी वापरावे तर चारचौघांत दिसून येते. दिवा मात्र मुकाट्याने कमी करता येतो. कंदिलाची किल्ली अर्धा वेढा मागे फिरविली, की वात खाली बसे आणि तेलाचा खर्चही तेवढ्यापुरता खाली बसे. अभ्यास चालू असेल तोवर वात वर, गप्पा चालू झाल्या की वात खाली, हा नियम ज्या घरात नव्हता असे मध्यम स्थितीतले घर आमच्या आजोबांच्या पिढीत क्वचितच सापडले असते. आषाढातल्या अवसेला घरातले सारे दिवे घासूनपुसून पाटावर मांडावयाचे आणि त्यांची पूजा करावयाची, या चालीत भक्तीबरोबर थोडी व्यवहारबुद्धीही होती. काजळी धरलेली काच तेल तेवढेच पिते आणि उजेड मात्र अर्धाच देते, ही गोष्ट आमच्या आजीस भौतिकशास्त्राच्या पुस्तकावाचून ठाऊक होती.

आपल्या भाषेत चिमणी हा शब्द मोठा सोशिक आहे. अंगणात दाणे टिपणारे पाखरू ती चिमणी. पत्र्याच्या डबीत उघडी वात घातलेला, भिंतीवर काळा पट्टा ओढणारा रॉकेलचा दिवा तीही चिमणी. आणि कारखान्याचे आभाळास टेकलेले धुराडे तीही चिमणीच. इतर गावी या तिघींची एकमेकींशी गाठ पडत नाही. खापरखेड्यास मात्र दुसरी आणि तिसरी चिमणी एका पिढीच्या आयुष्यात समोरासमोर आल्या. ज्या म्हाताऱ्या माणसांनी लहानपणी दिव्याच्या चिमणीपाशी पाढे पाठ केले, त्यांनीच उतारवयात औष्णिक केंद्राच्या चिमण्या आपल्या गच्चीवरून पाहिल्या. नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या बाजूस हे गाव आहे. येथील केंद्रात २१० मेगावॅटचे चार संच आहेत. त्यांपैकी पहिले दोन १९८९-९० च्या सुमारास आणि पुढचे दोन २०००-०१ च्या सुमारास चालू झाले. २०११ साली ५०० मेगावॅटचा पाचवा संच त्यांत आला. एकूण क्षमता १३४० मेगावॅट. म्हणजे सारे संच पूर्ण भारावर चालले तर एका तासात तेरा लाख चाळीस हजार युनिट वीज. कोराडीचे केंद्र शेजारीच, सिल्लेवाड्याची कोळशाची खाण हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी राहून घरातल्या विजेची काटकसर करावयाची म्हणजे हलवायाच्या दुकानात बसून साखरेचे दाणे मोजण्यासारखे आहे, असे कोणास वाटले तर त्यास दोष देता येणार नाही.

परंतु हलवाई शेजाऱ्यास साखर फुकट देत नाही. केंद्रात तयार झालेली वीज उच्च दाबाच्या तारांवर चढून कोठच्या कोठे निघून जाते, आणि तीच, किंवा तिची कोणी बहीण, उतरत उतरत आमच्या खांबावर येते तेव्हा तिचा दर कोल्हापूरच्या गृहस्थास जो पडतो तोच आम्हांसही पडतो. कोळसा जवळ असल्याबद्दल बिलात सूट नाही. तेव्हा हिशेब करणे येथेही प्राप्तच आहे. किंबहुना येथे तो दोन वह्यांत करता येतो. एक वही रुपयांची, आणि दुसरी कोळशाची. दुसऱ्या वहीची सोय पुण्या-मुंबईच्या वाचकांस नाही, म्हणून तिच्याविषयी पुढे जरा विस्ताराने लिहू.

आधी रुपयांची वही. जुना पिवळा बल्ब ही वस्तू दिवा या नावाने विकली जात असली, तरी खऱ्या अर्थाने ती एक लहानशी शेगडी होती. एडिसनने १८७९ साली काचेच्या गोळ्यात कोळशासारखा जळका धागा तापवून दाखविला. पुढे धाग्याच्या जागी टंगस्टनची तार आली, निर्वात पोकळीच्या जागी निष्क्रिय वायू आला. परंतु तत्त्व तेच राहिले. तार पांढरीफटक होईपर्यंत तापवावयाची, आणि तापता तापता ती जो काही उजेड सांडील तो गोळा करावयाचा. तिला दिलेल्या विजेपैकी शेकडा पाचांच्या आसपास वीज उजेड होऊन बाहेर पडे. बाकीची सारी उष्णता. महाबळेश्वरास ही उष्णता कदाचित सुखाची वाटली असती. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळिसास भिडलेला असताना, साठ वॅटची शेगडी डोक्यावर टांगून तिच्याखाली जेवावयास बसणे, आणि त्या उष्म्यावर उतारा म्हणून खिडकीत कूलर लावणे, हा प्रकार आम्ही सर्वांनी कित्येक वर्षे गंभीर मुद्रेने केला.

त्या बल्बचे आयुष्यही हजार तासांचे. यात निसर्गाचा हात थोडा आणि माणसाचा अधिक होता. १९२४ साली जगातल्या मोठमोठ्या दिवे-कारखानदारांनी जिनिव्हात एक संघ स्थापून असे ठरविले, की बल्ब हजार तासांपेक्षा अधिक टिकू द्यावयाचा नाही; आणि ज्याचा बल्ब अधिक टिकेल त्या कारखान्यास दंड. तार कमी तापविली तर ती अधिक टिकते पण उजेड मंद पडतो, हे खरे असल्यामुळे त्यांच्या बाजूनेही चार शब्द बोलता येतात. तरी पण ज्या काळी आमच्या आज्या कंदिलाच्या काचेस तडा जाऊ नये म्हणून ती सुती फडक्यात गुंडाळून ठेवीत होत्या, त्याच काळी वस्तू वेळेवर मरावी म्हणून शहाणी माणसे सभा भरवीत होती, हे वाचून हसावे की रडावे ते कळत नाही.

मध्यंतरी ट्यूब आली. तिचा चोक गुणगुणे, स्टार्टर लुकलुके, आणि दाब उतरला की ती दहा वेळा डोळे मिचकावून पुन्हा निजे. तिच्यामागून वेटोळ्याचा सीएफएल आला. २००९ मध्ये सरकारने 'बचत लॅम्प योजना' काढून जुन्या बल्बच्या बदल्यात तो पंधरा रुपयांस देऊ केला होता. त्याच्या पोटात पारा असे, आणि फुटलेला सीएफएल टाकावा कोठे या प्रश्नाचे उत्तर आमच्या गल्लीत कोणासच देता आले नाही. तो आला तसा गेला. त्याच्याविषयी अधिक लिहावे असे त्याने काही केले नाही.

एलईडीची गोष्ट निराळी. यात तापविण्याचा व्यवहारच नाही. एका अर्धवाहक स्फटिकातून वीज गेली की तो निळा उजेड देतो, आणि त्यावर चढविलेला पिवळसर लेप त्या निळ्यातला काही भाग पिऊन पिवळा उजेड परत करतो. दोन्ही मिळून डोळ्यांस पांढरे दिसते. तांबडे आणि हिरवे स्फटिक-दिवे पुष्कळ आधीपासून होते. अडले होते ते निळ्यापाशी. ते कोडे सोडविल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांस २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु नोबेल मिळाल्याने वस्तू मध्यम स्थितीतल्या घरात येत नाही. ती येते भाव उतरल्याने. त्या सुमारास चांगल्या एलईडी बल्बला दुकानात तीनचारशे रुपये पडत. दिव्याने वाचवावयाचे ते नंतर, आधी एवढे पैसे मोजावयाचे कोणी? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे म्हणून आमच्यासारखी माणसे दुकानाच्या पायरीवरून परतत असत.

५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने पुढे 'उजाला' या नावाने प्रसिद्ध झालेली योजना चालू केली. तिच्यात उपदेश कमी आणि व्यापार अधिक होता, म्हणून ती यशस्वी झाली असे आमचे मत आहे. एका सरकारी कंपनीने कोट्यवधी दिव्यांची मागणी एकत्र केली, कारखानदारांकडून निविदा मागविल्या, आणि जो दिवा २०१४ च्या आरंभी तिला ३१० रुपयांस पडत होता तोच २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आणला. या योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. वीज वाचवा, देश वाचवा, अशा पाट्या आम्ही लहानपणापासून वाचीत आलो. त्या पाट्यांनी जे केले नाही ते एका घाऊक खरेदीने केले.

आता आकडे. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्यास नऊ युनिट जातात. त्याच्याइतकाच किंवा किंचित अधिक उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला, तर सव्वा युनिटाहून थोडे अधिक. एका दिव्यामागे महिन्यास साडेसात युनिटांची बचत. वर्षाची सुमारे ९३ युनिटे. युनिटास आठ रुपये धरले तर वर्षाचे साडेसातशे रुपये होतात, आणि शंभर रुपयांचा दिवा दोन महिन्यांच्या आत आपले मोल फेडून मोकळा होतो. सावकारानेही ज्या व्याजाचे नाव काढावयास संकोच करावा असे हे व्याज आहे. शिवाय बिलाची रचना अशी, की पहिल्या शंभर युनिटांचा दर उतरता आणि त्यापुढचा चांगलाच चढा. बचत होते ती नेहमी वरच्या टोकाची होते. ज्या घरी महिन्यास एकशेतीस युनिटे जातात त्या घराने चार दिवे बदलून ती शंभरावर आणली, तर वाचलेली तीस युनिटे ही त्या बिलातली सर्वांत महाग तीस युनिटे असतात. स्थिर आकार मात्र तसाच राहतो; तो दिवे लावा अथवा न लावा, यावयाचा तेवढा येतोच.

दुसरी वही कोळशाची. एक युनिट वीज तयार करावयास आपल्याकडील कोळसा साधारण पाऊण किलोच्या आसपास लागतो. आम्ही हिशेबापुरते सातशे ग्रॅम धरले आहेत. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे. शंभरांत तीस ते चाळीस भाग राख. तेव्हा जो एक दिवा बदलल्याने वर्षास ९३ युनिटे वाचतात, त्याने पासष्ट किलो कोळसा खाणीत राहू दिला आणि वीस-बावीस किलो राख जन्मासच येऊ दिली नाही. वाटेतल्या तारांत जी वीज वाया जाते ती यात धरलेली नाही. ती धरली तर आकडा वाढेल. घरातले पाच दिवे बदलले की सव्वातीन क्विंटल कोळसा. नागपुरात धरमपेठेत बसून हा हिशेब कोणी वाचला, तर तो वाचून पान उलटील. येथे तसे होत नाही. मालगाडीची वाघीण रुळांवरून जाते ती दिसते. राख कोठे जाते ती वारेगावची वाट ठाऊक असते. त्या राखेच्या विटांच्या भिंती आपल्या ओळखीच्या माणसांच्या घरांस असतात. डोक्यावरच्या दिव्याकडे बोट दाखवून मुलास, "हा वर्षाला एक पोतेभर कोळसा वाचवतो," असे सांगितले की ते पोते त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

हा हिशेब आम्ही शेजारच्या एका गृहस्थांस मोठ्या उमेदीने वाचून दाखविला. त्यांची सारी नोकरी केंद्रात बॉयलरपाशी गेली आहे, आणि त्यांचा धाकटा मुलगा आज तेथेच एका कंत्राटदाराकडे कामावर जातो. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं गणित बरोबर आहे. पण सगळ्यांनी असंच वाचवून राहिलं, तर आमच्या पोट्ट्यानं काय त्या चिमणीकडे पाहत बसाचं?"

प्रश्न थट्टेने विचारलेला होता. परंतु त्याच्या मागे थट्टा नव्हती. या गावात किराणा दुकानदाराची उधारी, शाळेची फी, रविवारच्या बाजारातली भाजी, सारे काही शेवटी त्या भट्टीपाशी जाऊन पोहोचते. आम्ही घरी येऊन पुन्हा पेन्सिल घेतली. साठाचा दिवा काढून नवाचा लावला की एक्कावन्न वॅट वाचतात. या हिशेबाने असे एक्केचाळीस लाख दिवे एका वेळी पेटलेले असतील, तर त्यांची बचत २१० मेगावॅटच्या एका पुऱ्या संचाएवढी होते. एक्केचाळीस लाख ही संख्या काही अफाट नव्हे. महाराष्ट्रात याहून किती तरी अधिक दिवे बदलले गेले आहेत. मग संच बंद का पडले नाहीत?

याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वी एका इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने देऊन ठेविले आहे, आणि तेही कोळशासंबंधानेच. विल्यम स्टॅनले जेव्हन्स याने १८६५ साली 'कोळशाचा प्रश्न' या विषयावर ग्रंथ लिहिला. वाफेची यंत्रे सुधारली, तेच काम थोड्या कोळशात होऊ लागले, तेव्हा इंग्लंडचा कोळसा वाचेल अशी लोकांची समजूत. जेव्हन्सचे म्हणणे असे, की यंत्र स्वस्तात चालू लागले म्हणूनच ते जेथे पूर्वी परवडत नव्हते तेथेही बसेल, आणि एकंदर कोळसा अधिकच जळेल. दिव्याच्या बाबतीत त्याचे म्हणणे पुरे खरे ठरले असे आम्हांस वाटत नाही. एका खोलीस लागतो त्याहून दहापट उजेड कोणी करीत नाही, आणि दिव्यांची वीज वाचली ती बव्हंशी वाचलीच. परंतु वाचलेला पैसा घरात स्वस्थ बसत नाही, एवढे त्याचे म्हणणे आमच्या गल्लीने सिद्ध करून दाखविले आहे. ज्या ओसरीवर पूर्वी एक दिवा असे तेथे आता तीन आहेत. देवघराभोवती रंगीत माळ बारा महिने लुकलुकते. फाटकावरचा दिवा सूर्य उगवल्यावरही सूर्याशी स्पर्धा करीत राहतो. आणि बिल उतरले या आनंदात कित्येकांनी जे पहिले यंत्र विकत घेतले ते वातानुकूलनाचे होय. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाची भाकर शाबूत आहे ती अशी. आम्ही त्यांस तसे सांगितले, तेव्हा ते हसले आणि त्यांनी आमच्यापुढे चहाचा पेला सरकविला.

आमच्या घरात मात्र निराळाच तंटा उभा राहिला, आणि तो अजून मिटलेला नाही. आमच्या आत्याबाई पंच्याऐंशीच्या घरात आहेत. रिकाम्या खोलीत दिवा जळत असला की त्यांस तो सोसत नाही. गुडघे दुखत असताही त्या भिंतीस धरून उठतात, बटण दाबतात, आणि साऱ्या घरास ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "कोण आहे रे आत? मंग हा दिवा कोणासाठी जळून राहिला?" पूर्वी या हाकेसरशी कोणी तरी धावत येई. आता आमचा नातू बसल्या जागेवरून उत्तर देतो, "आजी, नऊ वॅटचा तर आहे! रात्रभर राहिला तरी काय होते?"

त्याचे गणित तपासून पाहिले. रात्रीचे दहा तास दिवा राहिला तर ०.०९ युनिट, पाऊण रुपयाहूनही कमी. आत्याबाईंच्या गुडघ्यांस लावावयाच्या तेलाचा एक थेंब त्याहून महाग असेल. पोराचे म्हणणे शब्दशः खरे आहे. आणि तरीही ते ऐकताना आमच्या मनास एक बोच लागते, ती कशाची, याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत आहो.

आत्याबाईंच्या हातास जी सवय आहे ती दिव्यापुरती कधीच नव्हती. तोच हात नळाची चकती घट्ट करतो, कणकेचे ताट पुसून घेतो, दोऱ्याचा तुकडा रिळास गुंडाळून ठेवतो, आणि चारचौघांत बोलताना जीभही जरा आवरून धरतो. दिवा मालविणे ही त्या सवयीची शाळा होती. दिवसातून वीसदा भरणारी आणि फी न घेणारी. नव्या दिव्याने काटकसर आपल्या पोटात घेतली. ती आता कारखान्यातच दिव्याबरोबर डबीत भरून येते, आणि आपणांस तिच्याकरिता हातपाय हलवावे लागत नाहीत. याबद्दल दिव्यास नावे ठेवणे अन्यायाचे होईल. ज्या घरी महिन्याच्या अखेरीस बिल आणि औषध यांतून एकाची निवड करावी लागते, तेथे ही डबीतली काटकसर देवासारखी धावून आली आहे. परंतु नातवास नळ उघडा टाकून दात घासताना पाहिले, की शाळा बंद पडल्याचे कळते.

म्हणून आम्ही त्याच्याशी भांडण न करता त्यास नुसती वही दिली, आणि घरातल्या सर्व उपकरणांचे वॅट लिहून आणण्यास सांगितले. दोन दिवस तो स्टुलावर चढून, पालथा पडून, पाटीवरची बारीक अक्षरे वाचीत हिंडला. त्याच्या यादीने घराचे डोळे उघडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण आत्याबाईंचे उघडले. खिडकीतला कूलर पंखा व पंप मिळून दोनशे वॅट खातो. रात्रीचे दहा तास चालला की महिन्यास साठ युनिटे. म्हणजे आठ दिवे बदलून जी बचत झाली ती एका कूलरने उन्हाळ्यात जशीच्या तशी गिळली. पाण्याची टाकी भरून वाहू लागली तरी मोटार चालूच असते, ती साडेसातशे वॅटची. आत्याबाईंनी यादी दोनदा वाचून घेतली आणि त्या दिवसापासून त्यांचा मोर्चा मोटारीच्या बटणाकडे वळला. टाकीच्या पाण्याचा आवाज त्यांस आमच्याआधी ऐकू येतो. दिव्यांकडे त्या आता थोड्या कानाडोळा करतात. अगदीच नाही असे नाही.

दिव्यांविषयी एक तक्रार लिहिली पाहिजे. डबीवर पंचवीस हजार तास छापलेले असतात, आणि दिवा दीड वर्षात मान टाकतो. स्फटिक सहसा मरत नाही. मरते ती त्याच्या बुडाशी बसविलेली, घरच्या विजेचे रूप पालटणारी चिमुकली मंडलपट्टी. तिला उष्णता सोसत नाही. चारी बाजूंनी बंद अशा काचेच्या गोळ्यात दिवा कोंडला, किंवा दाब वरखाली होऊ लागला, की ती जाते. नागपूरच्या उन्हाळ्यात छताशी चिकटलेल्या दिव्याने किती दिवस काढावे, हे कारखान्यातल्या थंड खोलीत ठरविता येत नाही. यावर बाजारात एक सुंदर तोड निघाली आहे. आमच्या बाजारपेठेत एक तरुण हातगाडीवर तापती सळई घेऊन बसतो. मेलेल्या दिव्याची टोपी काढतो, पाच मिनिटांत पट्टी बदलतो, आणि वीस रुपयांत दिवा जिवंत करून देतो. जिनिव्हाच्या त्या सभेत हा पोरगा असता, तर त्यास त्यांनी आत येऊ दिले नसते.

दुसरी तक्रार रंगाची. दुकानदार न विचारता देतो तो दिवा गारठलेल्या पांढऱ्या उजेडाचा. त्याखाली वरणाचा पिवळा रंग फिका पडतो आणि माणूस आजाऱ्यासारखा दिसतो. तेवढीच वीज खाणारा पिवळसर उजेडाचा दिवाही मिळतो, परंतु तो मागावा लागतो. आम्ही जेवणघरात आणि देवघरात तो लावला आहे. अभ्यासाच्या मेजावर पांढरा ठीक आहे.

आता घरात वाद चालला आहे तो पंख्यांचा. आमचे चारही पंखे जुने, पंचाहत्तर वॅटचे. नव्या जातीच्या मोटारीचे, बीएलडीसी म्हणतात ते, तेवढाच वारा तीस वॅटच्या आत देतात. आमच्याकडे पंखा वर्षातून नऊ महिने, दिवसास पंधरा तास फिरतो. म्हणजे एका पंख्यामागे वर्षास १८० युनिटांहून अधिक बचत, एका दिव्याच्या दुप्पट. कोळशाच्या वहीत सव्वा क्विंटल. किंमत अडीच-तीन हजार. ती फिटावयास दोन वर्षे. नातवाचे मत चारही एकदम बदलावे असे आहे. आत्याबाईंचे म्हणणे, आधी एकच आणावा, तो त्यांच्या खोलीत लावावा, आणि एक उन्हाळा पाहावा. त्या पंख्यास भिंतीवरचे बटण न वापरता दुरून चालविण्याची कळ असते, हे त्यांस कोणी तरी सांगितले आहे, आणि ती कळ उशाशी राहील या कल्पनेने त्या बऱ्याच खूष आहेत. बहुमत अजून झालेले नाही. दिवाळीच्या आत एक पंखा येईल असा रंग दिसतो.